ब्रॅडलॉची शपथ आणि आपला बेलभंडारा

चार्ल्स ब्रॅडलॉ हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटते ते एका निकालपत्राच्या मथळ्यात. ‘ब्रॅडलॉ विरुद्ध गॉसेट’, १८८४. सभागृहाने आपला अंतर्गत कारभार कसा चालवावा यात न्यायालय पडणार नाही, या तत्त्वासाठी हा निकाल अजूनही काढला जातो. १९६४ मध्ये केशव सिंग प्रकरणावरून उत्तर प्रदेश विधानसभा आणि अलाहाबाद उच्च न्यायालय यांच्यात जुंपली, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयातही त्याची चर्चा झाली. पण निवडून आलेल्या या माणसाला ब्रिटिश पार्लमेंटच्या सभागृहाने बाहेर का ठेवले होते, असे विचारले तर आमच्यातले बरेच वकील खिडकीबाहेर बघतात.

कोल्हापुरात आम्ही काही वकील, दोन-तीन निवृत्त शिक्षक आणि विधी महाविद्यालयातली काही मुले अधूनमधून एकत्र बसतो. एक प्रकरण घ्यायचे आणि ते शेवटपर्यंत उसवायचे, एवढाच नियम. यावेळी ब्रॅडलॉच्या शपथेचे प्रकरण घेतले. हे टिपण त्या बैठकीतून तयार झाले आहे. त्यातली मते माझी आहेत. वाद मात्र सगळ्यांचा आहे.

माणूस

ब्रॅडलॉचा जन्म १८३३ चा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. बाप वकिलाच्या कचेरीत कारकून. पोरगा चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायचा. बिशप येणार म्हणून त्याला तयारी करायला सांगितली, आणि त्याने ती जरा जास्तच मन लावून केली. चर्चची ३९ कलमे आणि चार शुभवर्तमाने शेजारी शेजारी ठेवून वाचली, ती जुळेनात, म्हणून त्याने पाद्रीबुवांना पत्र लिहून खुलासा मागितला. खुलासा आला नाही. शाळेतून निलंबन आले. पुढे घरही सुटले. काही काळ पलटणीत काढला, परत येऊन वकिलाकडे कारकुनी केली, आणि संध्याकाळी ‘आयकनोक्लास्ट’, म्हणजे मूर्तिभंजक, या टोपणनावाने व्याख्याने द्यायला लागला. १८६६ मध्ये त्याने नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली.

कारकुनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा माणूस पदवीधर वकील नव्हता, पण कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात त्याला कोणी हरवले नसते. आपले खटले तो स्वतःच चालवायचा आणि समोर उभ्या असलेल्या बॅरिस्टरांना घाम फोडायचा. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात असा एक पक्षकार असतो. त्याला बघितले की वकील चहाला निघून जातात.

इथे जॉर्ज होलिओक आणावाच लागतो, कारण ‘सेक्युलॅरिझम’, म्हणजे इहवाद, हा शब्द त्याचा, १८५१ चा. १८४२ मध्ये चेल्टनहॅमला त्याचे व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर कोणीतरी विचारले, तुमच्या योजनेत देवाची जागा कुठे? होलिओक म्हणाला, देश इतका हलाखीत आहे की देवालाही अर्ध्या पगारावर ठेवावे. या एका उत्तरासाठी त्याला सहा महिने कैद झाली. तो आत असताना बाहेर त्याची लहान मुलगी गेली.

एवढे भोगून होलिओक मवाळ झाला. त्याचे म्हणणे असे, की इहवाद म्हणजे या जगातले प्रश्न या जगातल्या साधनांनी सोडवणे. देव आहे की नाही या वादात पडायची त्याला गरजच नाही, त्यामुळे आस्तिकालाही इहवादी होता येते. ब्रॅडलॉला हे पटत नव्हते. इहवाद नीट पुढे नेला तर तो नास्तिकतेलाच पोचतो, असे त्याचे मत. १८७० मध्ये दोघांनी जाहीर सभेत हा वाद घातला. आमच्या बैठकीतही तो पुन्हा पेटला, आणि नेहमीप्रमाणे वयानुसार तट पडले. केस पिकलेले होलिओककडे, पोरं ब्रॅडलॉकडे.

घटना

एप्रिल १८८० मध्ये ब्रॅडलॉ नॉर्थम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आला. नॉर्थम्प्टन म्हणजे बूट-जोडे करणाऱ्यांचे शहर. आपल्या चपलेच्या गावातून हे सांगताना बरे वाटते, पण त्यात नुसती गंमत नाही. चामड्याचे काम करणारे, कामावर बसून एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे असे कारागीर तिथे मतदार होते, आणि जहाल राजकारणाचा पिंड त्यांच्यातच पोसला होता.

३ मे रोजी ब्रॅडलॉने सभागृहाच्या टेबलाशी जाऊन एक कागद दिला. मला देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी देवाचे नाव नसलेली प्रतिज्ञा करू द्या, एवढेच त्यात म्हणणे. कागद घेणारा कारकून होता सर टॉमस एर्स्किन मे. संसदीय कामकाजावरचा त्याचा ग्रंथ आजही आपल्या विधिमंडळात उघडला जातो, तोच हा.

ब्रॅडलॉचा आधार कायद्यातला होता. १८६६ च्या संसदीय शपथ कायद्यात क्वेकर वगैरे, शपथ घेणेच ज्यांच्या धर्मात बसत नाही अशा पंथांना, आणि ‘कायद्याने प्रतिज्ञा करायची मुभा असलेल्या इतर कोणालाही’, प्रतिज्ञा करता येत होती. १८६९ आणि १८७० च्या पुरावा दुरुस्ती कायद्यांनी कोर्टात नास्तिक साक्षीदाराला प्रतिज्ञेची मुभा दिली होती, आणि तीही ब्रॅडलॉच्याच एका दिवाणी दाव्यातल्या रडकथेनंतर. म्हणजे मी ‘इतर कोणीही’मध्ये बसतो, असा त्याचा युक्तिवाद. समिती नेमली गेली आणि एका मताच्या फरकाने त्याच्या विरोधात गेली.

मग त्याने दुसरा पवित्रा घेतला. प्रतिज्ञा नाही तर नाही, शपथ घेतो. पण शपथ घ्यायच्या आधी त्याने वर्तमानपत्रांना पत्र पाठवले, की या शपथेतले काही शब्द माझ्यासाठी निरर्थक आहेत, तरी शपथेच्या आशयाने मी बांधलेला राहीन. झाले. २१ मे रोजी तो शपथेला आला तेव्हा विरोधकांना हातात कोलीतच मिळाले होते. सर हेन्री ड्रमंड वुल्फ उभा राहिला आणि म्हणाला, शपथेला अर्थ नाही असे ज्याने स्वतः लिहून दिले, त्याला शपथ देता येणार नाही. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल आणि त्याच्या टोळक्याला पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारला छळायला हे प्रकरण आयते सापडले. देवाच्या इभ्रतीपेक्षा सरकारची फजिती हा त्यांचा खरा रस होता, असे माझे मत आहे. सभागृहात धर्माचा कळवळा दाटून येतो तेव्हा विरोधी बाके कुठे आहेत हे आधी बघावे.

२३ जून रोजी त्याला बाहेर जायला सांगितले. तो गेला नाही. मग त्याला वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत टाकले आणि दुसऱ्या दिवशी सोडले. जुलैत सभागृहाने सांगितले, करा प्रतिज्ञा, पण परिणाम तुमच्या माथी. परिणाम म्हणजे बेकायदा दिलेल्या दर मतामागे ५०० पौंड दंड, आणि तो वसूल करायचा दावा कोणीही लावू शकत होता. क्लार्क नावाच्या माणसाने लावला. त्याच्या मागे न्यूडीगेट नावाचा खासदार उभा होता, हे पुढे कोर्टातच सिद्ध झाले. मार्च १८८१ मध्ये निकाल ब्रॅडलॉच्या विरोधात गेला. १८७० चा कायदा साक्षीदारापुरता, खासदारापुरता नाही. जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक झाली. नॉर्थम्प्टनने त्यालाच परत पाठवले.

पुढची पाच वर्षे याच तालावर गेली. १८८१, १८८२, १८८४, दरवेळी मतदार निवडून द्यायचे आणि दरवेळी दार बंद. ३ ऑगस्ट १८८१ रोजी तो जबरदस्तीने आत जायला निघाला तेव्हा शिपाई आणि पोलिसांनी त्याला जिन्यावरून खाली ओढत नेले, कोट फाटला. बाहेर समर्थकांचा मोठा जमाव उभा होता. आत काय चालले आहे हे त्यांना कळले असते तर दंगल झाली असती. त्यांना शांत ठेवायचे काम त्याने ॲनी बेझंटवर सोपवले होते. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्याने आणखी एक उपद्व्याप केला. सभागृहाच्या मध्यावर चालत जाऊन खिशातून नवा करार काढला, स्वतःच स्वतःला शपथ दिली, कागदावर सही केली आणि जागेवर जाऊन बसला. दुसऱ्याच दिवशी हकालपट्टी.

खोटारडा की काय?

आमची बैठक सर्वांत जास्त वेळ अडकली ती इथे. नुकतीच सनद मिळालेला एक ज्युनिअर, पन्हाळ्याकडचा, सरळ म्हणाला, “सर, मग त्यो खोटारडाच की ओ! देव नाय म्हणायचं आन् देवाची शपथ घ्यायला पुढं व्हायचं?”

निवृत्त गुरुजींनी त्याला दुजोरा दिला. ते म्हणाले, तुरुंगात गेला असता आणि तिथेच बसला असता तर मी त्याला मानले असते. एका वकीलबाईंनी मात्र त्यांना अडवले. “गुरुजी, तुम्ही नोकरीला लागताना जे जे लिहून दिलं त्यातलं सगळं तुम्हाला मान्य होतं का? खुर्ची मिळाल्याशिवाय कायदा बदलता येत नाही, आणि कायदा बदलल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. त्या माणसानं करायचं काय?”

माझे मत बाईंच्या बाजूचे, पण पूर्ण नाही. ब्रॅडलॉची चूक नैतिक नव्हती, डावपेचांची होती. पहिल्याच दिवशी तो मुकाट शपथ घेऊन आत गेला असता तर कोणाला हरकत घेता आली नसती, कारण शपथ घेणाऱ्याच्या मनात काय आहे हे तपासण्याचा अधिकार सभागृहाला नव्हता. खुद्द या प्रकरणाचा १८८६ मधला शेवट याच मुद्द्यावर झाला. आत खासगीत नास्तिक असलेले आणि तोंडाने शपथ पुटपुटून बसलेले खासदार काही कमी नव्हते. ब्रॅडलॉला त्रास झाला तो नास्तिक असल्याचा नव्हे, ते आधी सांगितल्याचा. म्हणजे प्रामाणिक माणसाला बाहेर ठेवणारी आणि अप्रामाणिकाला आत घेणारी चाळणी शपथेच्या नावाखाली बसवलेली होती.

ही गोष्ट सभागृहात सर्वांत नेमकी मांडली ती ग्लॅडस्टनने, एप्रिल १८८३ मध्ये. ग्लॅडस्टन स्वतः कडवा ख्रिस्ती. ब्रॅडलॉच्या लिखाणाने त्याच्या अंगावर काटा यायचा. तरीही प्रतिज्ञेला मुभा देणारे विधेयक त्याच्या सरकारने आणले आणि तो त्याच्या बाजूने तासन्‌तास बोलला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्यू लोकांना आत घेताना तुम्ही ख्रिस्ताचे नाव सोडलेत. आता उरली आहे कुठल्यातरी देवाला मान्यता. कोणीही कसल्याही देवाचे नाव घेतले की आत येतो, मग हा देव नेमका कोणाचा रक्षक आहे? रॉथशिल्डला १८४७ मध्ये निवडून येऊनही ११ वर्षे ताटकळत ठेवले होते, तो इतिहास सगळ्यांना ताजा होता. विधेयक २८९ विरुद्ध २९२ असे तीन मतांनी पडले. भाषण अजून वाचले जाते.

जानेवारी १८८६ मध्ये नव्या पार्लमेंटच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्ष आर्थर पील याने सरळ सांगितले, की निवडून आलेल्या सदस्याच्या आणि शपथेच्या मध्ये येण्याचा अधिकार मलाही नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. ब्रॅडलॉने शपथ घेतली आणि बसला. सहा वर्षांचा धुरळा एका अध्यक्षाने दोन मिनिटांत बसवला. हेच १८८० च्या अध्यक्षाला सुचते तर? पण मग १८८८ चा शपथ कायदा झाला नसता. तो ब्रॅडलॉनेच खासगी विधेयक म्हणून आणला आणि मंजूर करून घेतला. पार्लमेंटात आणि कोर्टात, दोन्हीकडे प्रतिज्ञेला जागा झाली.

प्रश्न विचारणे कधी थांबले

या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथे आहे. ती नाट्यात सापडत नाही, कलमांच्या मजकुरात सापडते.

१८७० च्या इंग्रजी कायद्यात नास्तिक साक्षीदाराला प्रतिज्ञा करता येत होती, पण आधी न्यायाधीशाची खात्री पटावी लागे, की शपथेने याचे मन बांधले जात नाही. म्हणजे भर कोर्टात उभे राहून ‘तुझा देवावर विश्वास नाही ना? नक्की नाही ना?’ ही उलटतपासणी सोसायची. १८८८ मध्ये खात्रीची अट गेली. मला धर्म नाही, किंवा माझ्या धर्मात शपथ बसत नाही, एवढे कारण सांगणे उरले. १९७८ च्या त्यांच्या कायद्यात कारणही गेले. हरकत आहे म्हणा, पुरे. राज्याने आधी पुरावा मागितला, मग निवेदन मागितले, मग विचारणेच सोडून दिले. इहवादी राज्य देवाविरुद्ध निकाल देत नाही. तो प्रश्न आपल्या दप्तरातून काढून टाकते. होलिओक म्हणाला ते हेच. पण होलिओकच्या सौजन्याने हे झाले नसते. त्यासाठी जिन्यावरून ओढत नेण्याइतका त्रासदायक माणूस लागला.

आपल्याकडचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला आणि तो ऐकून पोरं चकित झाली. कंपनी सरकारने १८४० मध्येच कायदा केला, की हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांना गंगाजळ किंवा कुराण हातात द्यायचे नाही, प्रतिज्ञा घ्यायची. कारण कायद्यात लिहिले आहे: अशा शपथा लोकांच्या मनाला टोचतात आणि न्यायदानात खोळंबा होतो. प्रतिष्ठित माणसे गंगाजळाच्या भीतीने साक्षीलाच येत नव्हती. त्या प्रतिज्ञेत सर्वशक्तिमान ईश्वर होताच, पण १८७३ च्या शपथ कायद्यात स्थिती अशी आली, की साक्षीदार हिंदू किंवा मुसलमान असेल, किंवा कोणाचीही शपथेला हरकत असेल, तर त्याने प्रतिज्ञा करायची. म्हणजे १८८० मध्ये रत्नागिरीच्या कोर्टातल्या कुळाला जे सहज मिळत होते, ते लंडनमध्ये निवडून आलेल्या खासदाराला मिळत नव्हते. साम्राज्याने ही उदारता तत्त्वासाठी दाखवली नाही, सोयीसाठी दाखवली. तरी ती टिकली.

त्याच १८७३ च्या कायद्यात एक गमतीची सोयही होती. समोरच्याने अमक्या देवळात जाऊन अमक्या प्रकारे शपथ घेतली तर मी त्याचे म्हणणे मान्य करीन, असे एका पक्षकाराने म्हणायचे. समोरच्याने तशी शपथ घेतली की ती निर्णायक पुरावा. १९६९ च्या शपथ कायद्याने ही सोय काढली. आता कलम ५ प्रमाणे साक्षीदाराची इच्छा एवढेच पुरते. कलम ७ म्हणते, शपथ द्यायची राहून गेली तरी साक्ष रद्द होत नाही. कलम ८ म्हणते, साक्ष देणारा सत्य सांगायला बांधलेलाच आहे. खोट्या साक्षीची शिक्षा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये आहे. थोडक्यात, देवाची भीती कायद्याने बाजूला ठेवली आणि तिथे सात वर्षांची भीती बसवली.

कोल्हापूरची बाजू

ब्रॅडलॉ दारात झगडत होता त्याच वर्षी, १८८२ मध्ये, आपल्याकडचा त्याच्या जातकुळीचा माणूस कोल्हापूरपायी तुरुंगात होता. गोपाळ गणेश आगरकर. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात ‘केसरी’चे आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीत काढले. चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाचे ते प्रकरण होते आणि छापलेली पत्रे बनावट निघाली. खटल्याचा देवाधर्माशी काही संबंध नव्हता. पण पुढे १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून आगरकरांनी जे मांडले, ते ब्रॅडलॉला वाचता आले असते तर आवडले असते. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. ब्रॅडलॉला मतदारसंघ होता, पार्लमेंट होते, हरण्यासाठी का होईना विधेयक होते. आगरकरांकडे लेखणी होती आणि समोर परके सरकार. त्यामुळे त्यांचा युक्तिवाद ब्रॅडलॉइतकाच धारदार असूनही त्यांच्या नावावर एकही कलम नाही.

कलमे आली ती आस्तिक माणसाकडून. शाहू महाराज अंबाबाईचे भक्त. १८९९ मध्ये पंचगंगेवरच्या स्नानातून उठलेला वेदोक्ताचा वाद हा पुरोहितच नको असा नव्हता, वेदमंत्रांचा आमचाही अधिकार आहे असा होता. १९२० मध्ये त्यांनी क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण केले. ब्रॅडलॉने याला इहवाद म्हटले नसते. पण ऐकायला नकार देणाऱ्या राजोपाध्यांचे इनाम त्यांनी काढून घेतले, आणि विठ्ठलभाई पटेलांचे आंतरजातीय विवाहाचे विधेयक दिल्लीत अडकून पडले असताना १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात तसा कायदा करूनही टाकला. लग्न लावणे न लावणे पुरोहिताच्या मर्जीवर राहिले नाही. इंग्रजी मुलखात तेव्हा काय होते? १८७२ च्या कायद्याखाली दोन जातींच्या हिंदूंना नोंदणी लग्न करायचे तर आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, असे लिहून द्यावे लागे. लग्नासाठी नास्तिकाचे सोंग! १९२३ च्या दुरुस्तीत ते काही धर्मांपुरते सैल झाले आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात संपले. इथेही तेच घडले, विचारणे थांबले.

गुरुजींनी यावर विचारले, मग आगरकर फुकट गेले म्हणायचे का? नाही. गोपाळ कृष्ण गोखले आपल्या राजाराम कॉलेजातले विद्यार्थी. ते आगरकरांच्या ‘सुधारक’ची इंग्रजी बाजू सांभाळत. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईत काँग्रेसचे पाचवे अधिवेशन झाले, तेव्हा दुखण्यातून उठलेला ब्रॅडलॉ पाहुणा म्हणून आला होता. कायदेमंडळांच्या सुधारणेच्या ठरावावर टिळकांनी मांडलेल्या दुरुस्तीला अनुमोदन दिले गोखल्यांनी. त्याच विषयाचे विधेयक ब्रॅडलॉ लंडनला घेऊन जाणार होता. विचार असाच माणसांमधून फिरतो. गॅझेटमध्ये तो नंतर उतरतो. तेरा महिन्यांनी, ३० जानेवारी १८९१ रोजी, ब्रॅडलॉ गेला. १८८० चा त्याच्याविरुद्धचा ठराव सभागृहाने त्याच्या मृत्यूच्या तीन दिवस आधी दप्तरातून खोडला. अंत्यविधीला लंडनमधले हिंदी लोक लोटले. त्यांत एकवीस वर्षांचा, बॅरिस्टरी करणारा मोहनदास गांधीही होता. परतताना स्टेशनवर एक नास्तिक एका पाद्र्याला, तुमच्या देवाचा आकार केवढा, असे विचारून भंडावत होता. तो प्रसंग गांधींनी पुढे लिहून ठेवला आहे आणि त्या नास्तिकाबद्दल त्यांना फारसे प्रेम वाटलेले दिसत नाही. लाहोरचा ब्रॅडलॉ हॉल त्याच्याच नावाचा. तिथल्या नॅशनल कॉलेजात भगतसिंग शिकला.

सगळे सुरळीत झाले असे कोल्हापुरात बसून म्हणता येत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरायला गेलेले ॲडव्होकेट गोविंद पानसरे यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. राज्याने प्रश्न विचारणे थांबवले म्हणून रस्त्यावरचा माणूस थांबतोच असे नाही.

आणि भंडारा

बैठक उठता उठता त्याच पन्हाळ्याच्या ज्युनिअरने विषय गावात आणला. कोर्टात देवाशपथ म्हणून सर्रास खोटे बोलणारा माणूस गावात भंडारा उचलायला मात्र कचरतो, हे कसे? पंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्री ताट फिरते. ताटात हळदीचा भंडारा, वर बेलाचे पान, कडेला पाकीट. पाकीट घ्यायचे आणि भंडाऱ्याला हात लावून म्हणायचे, मत तुम्हालाच. सहकारी संस्थांच्या निवडणुकीत सहलीवर नेलेल्या ठरावधारकांकडूनही, म्हणजे संस्थेच्या ठरावाने मताचा हक्क मिळालेल्या प्रतिनिधींकडूनही, असेच वदवून घेतात. त्याच्या चुलत्याने एकदा दोन्हीकडची पाकिटे घेतली. पुढे म्हैस आटली तेव्हा चुलतीने वर्षभर त्यांना धारेवर धरले.

म्हणजे शपथेतली जरब कोर्टातून उठून तिथे जाऊन बसली आहे. यावर कायदा मुका नाही. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत दैवी कोपाची भीती घालून मत फिरवणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(२) खाली भ्रष्टाचार आहे आणि त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. अडचण पुराव्याची. भंडारा उचलल्याचे सांगायला साक्षीदार उभा करायचा, तर त्याने पाकीट घेतल्याचेही सांगावे लागते.

ज्युनिअरचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता. त्याच्या एका दाव्यातल्या साक्षीदार बाईंना देवाची शपथ घ्यायची नाही; अर्ज करावा लागेल का? लागत नाही. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर शिपायाने ‘देवाशपथ’ सुरू करायच्या आधी कोर्टाला एवढेच सांगायचे, की मी प्रतिज्ञेवर साक्ष देणार आहे. कारण कोणी विचारले तर वकिलाने उठून कलम ५ दाखवायचे. बाईंनी काही बोलायचे नाही.